उजवीकडचे तीस बैल

शेटजींनी मला खोली दिली ती माझं अक्षर बघून.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे तीन कोसांवर असलेल्या एका मोठ्या गावात, नव्या हायस्कूलवर माझी नेमणूक झाली होती. पहिले आठ दिवस मी शाळेच्याच एका वर्गात बाकं जोडून झोपलो. खोली मागायला गेलं की लोक आधी नाव विचारत, मग गाव. गाव जाफराबादकडचं आहे म्हटल्यावर तिकडे कोण कोण पाहुणे, असं करत करत आडनावापाशी येत. आडनावापाशी आलं की घरातली रिकामी खोली पुतण्याच्या लग्नासाठी ठेवलेली निघे. आठ दिवसांत माझ्यामुळे गावात सहा लग्नं ठरली.

शेटजींनी नाव विचारलं नाही. त्यांनी एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, काहीही लिहा. मी लिहिलं, ‘मला राहायला खोली पाहिजे.’ त्यांनी कागद खिडकीशी नेला, उजेडात तिरपा धरला, त्याच्यावरून अंगठा फिरवला.

“तुमच्या ‘ल’च्या दोन्ही वाट्या बराबर आहेत,” ते म्हणाले. “या राहायला.”

पुढे कोणीतरी त्यांना माझं आडनाव जाऊन सांगितलंच. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर गावभर झालं. मी खोली अक्षराला दिलीय, ते म्हणाले, आडनावाला न्हाई. हे वाक्य ऐकून मी फार भारावलो होतो. पंचवीस वर्षांचा होतो. ते जे बोलले ते शब्दशः खरं होतं, हे कळायला मला वर्ष लागलं. त्या हिवाळ्यात मला हिवतापानं धरलं. तीन आठवडे पडून होतो, हात कापत होता. त्याच हातानं लिहिलेली चार लेबलं मी त्यांच्याकडे पाठवली, तर ती तशीच परत आली. निरोप होता, हे तुमचं अक्षर न्हाई, ताप उतरल्यावर लिहा. ताप किती आहे, हे विचारायला खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर कोणी आलं नाही.

लेबलं कसली, ते सांगायला हवं. शेटजींची जालन्याला जिनिंग होती. तीस वर्षं सरकी आणि रुई करून, साठीच्या आत त्यांनी कारखाना पुतण्यांच्या हवाली केला आणि ते गावी परत आले. व्यापारी निवृत्त झाला की देऊळ बांधतो किंवा आजारी पडतो. शेटजींनी दोन्ही केलं नाही. त्यांना कला आवडत होती. गावात कोणाला काय आवडतं याला फार महत्त्व नसतं, पण ज्याला आवडतं त्याच्याकडे बारा खणांचं घर, बारमाही विहीर आणि जालन्याहून मागवलेली काचेची कपाटं असली, की त्या आवडीची दखल घ्यावी लागते. त्या कपाटांतल्या प्रत्येक वस्तूपुढे एक पांढरं लेबल असे, आणि ते दर रविवारी मी लिहीत असे. भाड्याबद्दल बोलणं कधी झालं नाही. अक्षर राहत होतं, अक्षर लिहीत होतं.

कापसाच्या व्यापाऱ्याला एक सवय असते. गाडीतला वरचा कापूस तो बघतच नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो, मधला बोंडभर कापूस उपसतो, दोन अंगठ्यांत धरून त्याची तार ओढून बघतो. शेटजी आयुष्यभर सगळ्याला तसंच बघत आले. भाकरी समोर आली की आधी मधून फोडत. पुस्तक मधूनच उघडत. ग्रामपंचायतीनं एकदा त्यांचा सत्कार ठेवला, तेव्हा सरपंचांनी गळ्यात घातलेला हार त्यांनी काढला, मधोमध बोटं घालून दोन फुलं उपसली आणि माइकसमोरच म्हणाले, बाहेरची ताजी आहेत, आतली कालची. ज्यानं हार ओवला त्या माळ्याला कदर न्हाई. सत्काराला उत्तर म्हणून ते एवढंच बोलले. मला तेव्हा हसू आलं होतं. माळी पहिल्याच रांगेत बसला होता, आणि पुढे वर्षभर गाव त्याला ‘कालची फुलं’ म्हणत होतं, हे मला फार उशिरा आठवायला लागलं.

कदर हा त्यांचा शब्द. “कदर पाहिजे, गुरुजी,” ते म्हणत, “चीज तर गल्लोगल्ली पडलीय. कदर न्हाई लोकांत.” हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी येई. त्यात ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर हा लेख मी लिहिला नसता. ढोंगी माणसाबद्दल राग फार दिवस टिकत नाही.

त्यांना दिसत होतं, आणि आम्हाला दिसत नव्हतं, हेही मला कबूल केलं पाहिजे. एकदा त्यांनी कुठूनतरी एक जुनी वाकळ आणली. जुन्या लुगड्यांची, थरावर थर घालून शिवलेली. मला त्यात एक मळकी वाकळ दिसली. त्यांनी ती जमिनीवर पसरली, गुडघ्यांवर बसले आणि धावदोऱ्याच्या एका ओळीवरून बोट फिरवत मला दाखवत गेले. “इथून टाका बारीक आहे. इथवर एका दमात आलीय. आता इथं बघा, टाका लांब झाला. इथं दमली. आणि इथून परत बारीक, म्हणजे दुसरा दिवस.” मी त्या दिवशी पहिल्यांदा वाकळ बघितली. आजही कुठे वाकळ दिसली की मी टाके बघतो, ते त्यांच्यामुळे.

मग मी विचारलं की ही कोणाची. ते म्हणाले, वेशीबाहेरच्या एका म्हाताऱ्याच्या खाटेवर होती, दोन नव्या घोंगड्या देऊन आणली. शिवली कोणी, ते त्यांना माहीत नव्हतं. मी माहीत करून घेतलं. म्हाताऱ्याच्या मेलेल्या बायकोनं शिवली होती. म्हातारा मला म्हणाला, घोंगड्या चांगल्या हायत, टोचत्यात जरा. टाका कुठे दमला ते शेटजींना दिसत होतं.

लेबलावर त्या बाईचं नाव लिहू का, असं मी त्यांना विचारलं. त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. ते म्हणाले, “कापसाच्या गाठीवर कधी शेतकऱ्याचं नाव बघितलंय का, गुरुजी? गाठीवर प्रेसचा मार्का असतो. बराबर आहे ते. शेतकरी पिकवतो. निवडणारा वेगळा असतो.”

मार्काही होताच. जिनिंगमध्ये गाठींवर काळा छाप मारायला पत्र्याचा कापलेला साचा असतो. तसाच, पण रुपयाएवढा साचा त्यांनी करून घेतला होता. वर्तुळ, आणि वर्तुळात त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूच्या तळाला तो छाप बसायचा. वाकळीच्या कोपऱ्यावरही बसला.

बाहत्तरचा दुष्काळ आला तेव्हा गावातल्या विहिरी एकेक करून तळाला गेल्या. शेटजींच्या विहिरीला पाणी होतं. आणि इथे मला पुन्हा त्यांच्या बाजूनं लिहिणं भाग आहे. ज्या विहिरींत पाणी उरलं होतं त्यांच्या मालकांनी वेशीबाहेरच्या आमच्या वस्तीला दोन हात लांब उभं करून वरून पाणी ओतायला सुरुवात केली होती. शेटजींनी मला सांगितलं, दोर तुम्हीच ओढा. वस्तीतल्या बायकांनाही तेच सांगितलं. गावातले चार जण बोलायला आले, तर त्यांना त्यांनी वाकळ दाखवत तासभर बसवून ठेवलं. ते परत आले नाहीत. त्या वर्षी रोजच्या दोन घागरी मला मिळत होत्या, हे मी का सांगतोय ते पुढे कळेल.

गावात कुंभारांची चार घरं. त्यातल्या एका घरातली कौसाबाई पोळ्याचे बैल करायची. नवरा चाकावर मडकी करी. बैल चाकावर होत नाहीत, ते हातानं वळावे लागतात, आणि तो हात तिचा होता. त्या वर्षी चाक थांबलेलं, नवरा सरकारी कामावर खडी फोडायला जाई, आणि माती भिजवायला पाणी नाही. पोळा तोंडावर आला तशी गावातली माणसं तिच्या दारात यायला लागली. बैल गमावलेली माणसं. काहींची जनावरं छावणीत होती, काहींची बाजारात गेली होती, आणि बाजारातून पुढे कुठे गेली हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. पोळ्याच्या दिवशी गोठ्यात पुजायला काहीतरी उभं पाहिजे होतं.

दरसाल लोक पाच बैल मागत, नुसते बैल. त्या साली कोणी नुसते बैल मागितले नाहीत. ज्यानं त्यानं आपले मागितले. मी हे शेटजींच्या विहिरीवर स्वतः ऐकलं, कारण कौसाबाईनं शेवटी पाणी मागितलं ते शेटजींकडेच, आणि त्यांनी ते दिलं. त्यांच्या परसात बसून ती माती मळायची आणि माणसं तिथेच येऊन तिला सांगायची. चार शब्द एका ओळीत न बोलणारी माणसं उकिडवी बसून शिंगांबद्दल बोलत होती. वशिंड किती, गळ्याखालची पोळी किती लोंबायची, डाव्या कानाला चीर कशी. धोंडीबा नावाचा एक शेतकरी होता. तो म्हणाला, “उजव्याचं शिंग मोडकं कर, कौसा. अर्ध्यातून. जिनिंगला कापूस घेऊन गेल्तो तवा गाडी कलंडली, तवा मोडलं ते. आन् डावा जरा थोराड हाय. उजवा त्याला टेकून चालायचा.”

ती काही लिहून घेत नव्हती. ओल्या मातीतून मान वर करून नुसती हूं म्हणायची.

बैलांचं एक आहे. औताला किंवा गाडीला एक उजवीकडे चालतो, एक डावीकडे, आणि एकदा जी बाजू शिकला ती आयुष्यभर. अदलाबदल केली की दोघंही चालत नाहीत. माझ्या बापाची जाफराबादकडे एक जोडी होती. छप्पन साली आमच्या घरातली बैलांची पूजा बंद झाली. त्यांना धुणं बंद झालं नाही. पोळ्याच्या दिवशी बाप त्यांना नाल्यावर नेऊन घासून काढायचा आणि नंतर आपापल्या बाजूच्या खुंट्याला बांधायचा. हे मला सांगावं लागत नव्हतं. कौसाबाईलाही लागत नव्हतं. ती प्रत्येक जोडी एकाच गोळ्यातून करायची. उजवीकडच्याची मान किंचित डावीकडे, डावीकडच्याची किंचित उजवीकडे. शेजारी ठेवले की दोघं एकमेकांच्या अंदाजानं चाललेत असं वाटे. तीस घरांच्या तीस जोड्या तिनं केल्या. गेरू आणि चुन्याचे ठिपके दिले आणि शेटजींच्याच अंगणात, शेरडं शिरणार नाहीत म्हणून, उन्हात वाळत मांडल्या. भट्टीत घालायच्या नव्हत्या, पोळ्याचे बैल कच्चेच असतात.

पाणी देताना शेटजींनी एक अट घातली होती. पहिली नजर माझी. व्यापाऱ्याच्या बोलीत त्याचा अर्थ सरळ असतो, माल आधी मी बघणार. कौसाबाईला वाटलं एखादी जोडी घेतील. एक जोडी तिनं जास्तीची करूनही ठेवली होती.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळी शेटजींनी मला खाली बोलावलं. ते अंगणात उकिडवे बसले होते. डोळे भरलेले. एकेक बैल उचलून, पालथा करून, पोटाखालून अंगठा फिरवून खाली ठेवत होते.

“या सालाला हिच्या हातात काहीतरी उतरलंय, गुरुजी,” ते म्हणाले. “दरसालचे बैल एकसारखे. हे बघा. हरेक वेगळा.” धोंडीबाचा बैल त्यांनी तळहातावर घेतला. “हे शिंग बघा. मुद्दाम मोडलंय. काय धाडस आहे.”

का वेगळे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. सांगेन म्हणत होतो, तेवढ्यात ते निवडायला लागले.

मधल्या खोलीत नवीन कपाट आलं होतं, एकच लांब फळी असलेलं. दरवाजातून आत येणाऱ्याला फळीवरचे सगळे बैल आपल्याकडे बघत येताना दिसावेत, अशी त्यांची इच्छा होती. उजवीकडच्या बैलांची मान कपाटात ठेवल्यावर बरोबर दरवाजाकडे वळत होती. त्यांनी तीस जोड्यांतले तीस उजवे उचलले. जास्तीची जोडी होती, तिला हात लावला नाही. ती कोणाचीच नव्हती, आणि त्यांच्या अंगठ्याला ते कळलं असावं.

“शेटजी,” मी म्हणालो, “ह्या जोड्या आहेत.”

“असू दे की. मी काय सगळे घेऊन राह्यलोय? निम्मे सोडलेत तिच्यासाठी.”

यानंतर मी बोलायला हवं होतं. समोर विहीर होती, माझ्या दोन घागरी कठड्यावर होत्या. कोणी धमकी दिली नव्हती. शेटजींनी कधी कोणाला धमकी दिली नाही. मी आत गेलो, दौत घेतली आणि तीस लेबलं लिहिली. ‘वृषभ. मृत्तिका. लोककला, मराठवाडा.’ तीस वेळा. अक्षर चांगलं आलं.

कौसाबाई दुपारी आली. अंगण बघून उभीच राहिली. मग सरळ मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी आली. शेटजींनी आधीच पैसे काढून ठेवले होते, आणि ते कमी नव्हते.

“पैशाचं न्हाई, शेटजी,” ती म्हणाली. “लोकांस्नी जबान दिलीय मी. परवा पोळा हाय.”

शेटजी म्हणाले, उरलेल्यांच्या जोड्या लाव. तीस आहेत, पंधरा होतील.

“दोन डावे कसे जुपायचे?”

“मातीचेच तर आहेत.”

“मातीचे हायत,” कौसाबाई म्हणाली, “मंग तुमी कशाला ठेवून घेताय?”

शेटजी चिडले नाहीत. दुखावले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं मूर्तिकाराला स्वतःचीच मूर्ती कळत नाही तेव्हा शहाणा माणूस दुसऱ्या शहाण्याकडे बघतो. ती गेल्यावर म्हणाले, “बघा. हात सोन्याचा आहे बाईचा. कदर न्हाई.” तिनंही जाताना माझ्याकडे बघितलं होतं. माझ्या बोटांना शाई होती.

नवीन बैल करायला वेळ नव्हता. दोन दिवसांत माती वाळत नाही. तिनं तीस घरी तीस डावे बैल पोचवले. प्रत्येक घरी काय सांगितलं मला माहीत नाही.

पोळ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी लोक शेटजींच्या घरी यायला लागले. आधी धोंडीबा आणि त्याची बायको, मग एकेक करत सगळे. धुतलेले कपडे, हातात ताट, ताटात डावा बैल. मधल्या खोलीत येऊन ते कपाटासमोर रांगेनं वाकत, काचेतून आपला बैल शोधत, आणि सापडला की ताटातला बैल खाली फरशीवर, त्याच्या बरोबर समोर ठेवत. मधे काच. मग हळदकुंकू खालच्या बैलाला, आणि वरच्याचं काचेला. नैवेद्याला त्या वर्षी पुरण कुठलं. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि गूळ.

शेटजी खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्यांना वाटलं, गाव त्यांचा संग्रह बघायला आलं आहे.

“आली, गुरुजी,” ते माझ्या दंडाला धरून म्हणाले. “कदर आली लोकांत.”

मग ते प्रत्येकाला समजावून सांगायला लागले. वशिंडाची गोलाई बघा, मानेची रेषा कशी एका ओढीत आलीय. लोक ऐकत होते, मान हलवत होते. यजमान बोलतो तेव्हा मान हलवायची असते. धोंडीबापाशी येऊन ते म्हणाले, हे मोडकं शिंग बघा, कलाकारानं मुद्दाम मोडलंय.

“व्हय, शेटजी,” धोंडीबा म्हणाला. “तुमच्याच जिनिंगला येताना मोडलं.”

मला वाटलं, आता तरी त्यांना कळेल. शेटजी हसले. अगदी मनापासून. माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा, चीज अशी असते. माणसाला गोष्ट सुचते.”

सगळे गेल्यावर ते काचेवरच्या कुंकवाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, डाग वाळायच्या आत पुसून घ्या, काच खराब होते. मी पुसली.

त्यांच्यावर जेवढा राग येतो त्याच्याहून जास्त मला त्या फडक्याचा येतो.

मी पुढच्या वर्षी खोली बदलली. तोपर्यंत पाऊस झाला होता, विहिरी भरल्या होत्या, आणि मला धीर आला होता. एवढा स्वस्त धीर. पण रविवारची लेबलं सोडली नाहीत आणि कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या, कारण शेटजींचा पुतण्यांवर विश्वास नव्हता. त्यांना रुई कळते, एवढंच ते म्हणत.

शेटजी गेले ते अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात. वाकळीवर बोट ठेवूनच गेले म्हणतात. ते खरं असावं. तोपर्यंत त्यांची कीर्ती झाली होती. पुतण्यांनी शाळेच्या सभागृहात शोकसभा ठेवली, संग्रह मोठ्या शहरातल्या कुठल्याशा संग्रहालयाला द्यायचं जाहीर केलं, आणि लोकांना बघता यावं म्हणून ते बैलांचं कपाट स्टेजवर आणून ठेवलं. प्रमुख पाहुणे कलेचे प्राध्यापक होते. त्यांनी भाषणात सांगितलं, ऐन दुष्काळात, पोटात अन्न नसताना, इथल्या अडाणी शेतकऱ्यांनी शेटजींच्या संग्रहाची पूजा केली. कलेनं भूक जिंकल्याचं याहून मोठं उदाहरण नाही. टाळ्या झाल्या. कार्यक्रमपत्रिकेवर शेटजींना कलामहर्षी म्हटलं होतं. ते मीच लिहिलं होतं, सांगितल्यावरून.

मग कौसाबाईचा सत्कार. तिला पुढे सतरंजीवर बसवलं होतं. नाव पुकारल्यावर ती स्टेजवर आली. पाहुणे शाल उलगडून उभे राहिले. तिनं शाल घ्यायला हात पुढे केला नाही. ती कपाटापुढे जाऊन थांबली, आणि पाहुण्यांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली,

“गुरुजी, हे उघडा.”

थोरला पुतण्या पुढे आला. मावशी, नंतर बघू, तो हळूच म्हणाला, यादी झालीय, कागद झालेत. त्याची चूक नव्हती. यादी खरंच झाली होती, आणि माझ्याच अक्षरात होती. किल्ली माझ्या खिशात होती. सहा वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं शाईशिवाय होती, एवढंच कारण मी देऊ शकतो. मी कपाट उघडलं.

तिनं पहिला बैल उचलला. तिची नजर आता अधू झाली होती, त्यामुळे डोळ्यांशी न नेता तिनं शिंगावरून अंगठा फिरवला. “धोंडीबा,” तिनं हाक मारली. धोंडीबाला नवी जोडी घेऊन चार वर्षं झाली होती. तरी तो मागच्या रांगेतून उठला, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत पुढे आला, दोन्ही हातांत बैल घेऊन परत गेला आणि बाहेर पडला. तिनं दुसरा उचलला. पालथा करून पोटावर बोट फिरवलं, काळा मार्का लागला.

“डागले व्हय रं सगळे,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. मग दुसऱ्या घराचं नाव घेतलं.

तिनं तीस नावं घेतली. एकही चुकलं नाही, ती एकदाही थांबली नाही. उठले अकरा. बाकीच्यांतले काही त्या दुष्काळातच गाव सोडून गेले ते परतले नाहीत, काही वारले होते, दोघं समोर बसूनही उठले नाहीत; पुतण्यांच्या जिनिंगला त्यांचा कापूस जात होता. उरलेले एकोणीस बैल कौसाबाईनं पदरात घेतले, ओटी धरतात तसा पदर धरला, आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून चालती झाली. शाल पाहुण्यांच्या हातात राहिली.

पुतण्या माझ्याकडे बघत होता. कपाटात आता फक्त लेबलं होती, तीसच्या तीस, एका ओळीत, दरवाजाकडे तोंड करून. काहीतरी करायला हवं म्हणून प्रमुख पाहुणे पुढे झाले, चष्मा लावला, वाकले, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी लेबलं वाचत गेले.

मग सरळ होऊन ते म्हणाले, “अक्षर मात्र सुंदर आहे.”